घाट चढून आलेली घंटा

भीमाशंकरला श्रावणी सोमवारी रांगेत उभं राहिलं की देवळाच्या गाभाऱ्याआधी एक घंटा दिसते. लहानग्या शनिमंदिरापाशी टांगलेली, चांगली थोरली. येणारा-जाणारा हात उंचावतो, टोल देतो आणि पुढे सरकतो. पावसाळी धुक्यात तो आवाज फार लांब जात नाही. मात्र जरा थांबून त्या घंटेच्या अंगाकडे पाहिलं, तर ती आपल्या देवळातल्या घंटांच्या घराण्यातली नाही हे लगेच कळतं. खांदे उतरते, कंबर बारीक, खाली घागरा फुलावा तसा ओठ बाहेर पसरलेला. ही घंटा ओतली गेली ती एखाद्या चर्चच्या मनोऱ्यासाठी. भीमा नदी जिथून निघते, त्या जागी ती आज महादेवाच्या सेवेत आहे.

पुण्यातल्या जुन्या चर्चवर लिहायचं ठरवलं, तेव्हा सुरुवात कॅम्पातून करावी असं सगळ्यांनीच सुचवलं. इंग्रज आले, पलटणी आल्या, पलटणींबरोबर चर्च आली, हा आपला पाठ झालेला क्रम. पण हिंडता हिंडता हा क्रम चुकीचा ठरत गेला. मुळा, मुठा, इंद्रायणी, भीमा या नद्यांच्या खोऱ्यात चर्चच्या वास्तूचा जो फार जुना अवशेष डोळ्यांनी पाहता येतो, त्यात भिंत नाही, कमान नाही की थडगं नाही. ती ही घंटा आहे, आणि ती देवळात आहे. पुण्यातल्या पहिल्या चर्चची जमीनही इंग्रजांची नव्हे, पेशव्यांची.

वसईहून वर

पोर्तुगीजांनी वसई घेतली १५३४ मध्ये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्याच्या तटाआत एक अख्खं ख्रिस्ती नगर उभं राहिलं होतं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट अशा प्रत्येक संघाचं आपापलं चर्च, आपापला मठ. सेंट जोसेफच्या मोठ्या चर्चचा मनोरा आजही वाकून समुद्राकडे पाहत असल्यासारखा उभा आहे. जेझुइटांचं चर्च येशूच्या पवित्र नावाला वाहिलेलं होतं. हे 'पवित्र नाव' वाचकांनी लक्षात ठेवावं, ते पुण्यात पुन्हा भेटणार आहे.

वसई पडल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाट चढल्या. एक भीमाशंकरला आली. एक वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, महादेवाच्या देवळापाशी, स्वतंत्र घुमटीत टांगली आहे. तिच्या अंगावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराची घंटा आहे. पूर चढला की पाणी त्या घंटेपर्यंत आलं का, असं नाशिककर विचारतात. म्हणजे पोर्तुगीज ओतारी जे काम मनातही आणू शकला नसता, ते पूर मोजण्याचं काम ती घंटा करते.

चर्चची घंटा आणि देवळातली घंटा यांत फरक आवाजाचा, त्याहून जास्त हालचालीचा. धातू दोघींचा साधारण एकच, चार भाग तांबं आणि एक भाग कथील, म्हणजे कासं. पण चर्चच्या मनोऱ्यात घंटा स्वतः झुलते. ती लाकडी आडाला बांधलेली असते, दोर ओढला की सगळी घंटा हेलकावते आणि लोळा तिच्यावर आदळतो. ती उंचावरून साऱ्या गावाला बोलावते. देवळात घंटा स्थिर असते आणि माणूस लोळा हलवतो. ती गावाला हाक घालत नाही, 'मी आलो' एवढंच देवाला कळवते. वसईच्या घंटा देवळात आल्या तेव्हा त्यांचं झुलणं थांबलं. मनोऱ्यावरून त्या हाताच्या अंतरावर आल्या.

त्यांच्यावरची चित्रं आणि अक्षरं कोणी खरवडली नाहीत. ती कोरलेली नाहीत, उठावाची आहेत. घंटा ओततानाच साच्यात मेणाच्या साहाय्यानं अक्षरं घडवतात आणि ती धातूतच उतरतात. छिन्नीनं ती काढून टाकणं अशक्य नव्हतं. काढली नाहीत, एवढं खरं. याला औदार्य म्हणायची घाई मी करणार नाही. विजयचिन्हावरची शत्रूची खूण पुसली, तर ते कोणावरच्या विजयाचं चिन्ह राहील?

उलट दिशेचा प्रवासही याच भूमीनं पाहिला होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात शैव शिल्पं होती. सोळाव्या शतकात अंतोनियो दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं त्या लेण्याचं चर्च केलं, डोंगरावर मठ उभारला. लेण्यातल्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर लेणं पुन्हा महादेवाचं झालं. वरचा मठ पडका आहे, खालच्या लेण्यात नटराज आणि क्रूस शेजारी शेजारी आहेत.

नाताळ हा शब्द कुठून आला?

आपण इंग्रजी राज्याच्या आधीपासून चर्चच्या शेजारी राहतो आहोत, याचा पुरावा तोंडातच आहे. मराठी माणूस 'ख्रिसमस'ला नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज. पाद्री पोर्तुगीज, क्रूस पोर्तुगीज, कॅथलिक घरातला मिस्सा पोर्तुगीज, गोव्याकडची इगर्जही तिथलीच. चर्च हा शब्द मागाहून आला. जमिनीच्या थरांसारखे शब्दांचेही थर असतात, आणि या थरात इंग्रजी वर आहे, पोर्तुगीज खाली.

त्याच्याही खाली आणखी एक थर आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की 'कलियाना' या बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप पर्शियात नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे उल्हास नदीकाठचं आपलं कल्याण मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक मारले गेले. त्या वेळी तिथे पूर्वेकडच्या पंथाची काही ख्रिस्ती घरं होती, असं त्या काळच्या प्रवाशांनी नोंदवलं आहे. गोव्यात झुआरी नदीच्या काठी २००१ मध्ये पहलवी भाषेतला लेख असलेला दगडी क्रूस मिळाला. पहलवी म्हणजे जुन्या इराणची भाषा. तेव्हा कोकणपट्टीवर पर्शियन वळणाचे ख्रिस्ती पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी येऊन गेले होते. त्यांच्या वास्तू मात्र उभ्या नाहीत. कल्याणहून नाणेघाट चढून जुन्नरला माल येत होता, माणसं येत होती. पण घाटाच्या या बाजूला त्या काळचं चर्च आपल्याजवळ नाही.

म्हणून घाटमाथ्यावरच्या गोष्टीची सुरुवात घंटेपासूनच करावी लागते.

नाना पेठेतली चार भिंतींची जागा

क्वार्टर गेटच्या चौकात दुपारी बाराला उभं राहिलं की पीएमपीची बस, टेम्पो, रिक्षा आणि शाळेची पोरं यांतून वाट काढत आत वळावं लागतं. आत सिटी चर्च. पूर्ण नाव 'अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शन', पण ते फलकावर. जिभेवर सिटी चर्चच. या चर्चची स्थापना १७९२ ची, आणि जमीन दिली सवाई माधवराव पेशव्यांनी.

१७९२ मधलं पुणं डोळ्यांपुढे आणायला हवं. माधवराव अठरा वर्षांचे. कारभार नाना फडणविसांच्या हातात. त्याच साली टिपूबरोबरचं युद्ध श्रीरंगपट्टणच्या तहानं संपलेलं. जूनमध्ये महादजी शिंदे उत्तरेकडून पुण्यात दाखल झाले आणि बादशहानं दिलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रं पेशव्यांना अर्पण करण्याचा मोठा समारंभ झाला. संगमावर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आपल्या बंगल्यात बसून सगळं टिपत होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्याच सुमाराला पुण्यात येऊन पेशव्यांची आणि नानांची चित्रं काढत होता. मराठी फौजांत कवायती पायदळ आणि तोफखाना यांची चलती होती. फ्रेंच, पोर्तुगीज, गोव्याचे ख्रिस्ती अशी किती माणसं दरबारच्या पगारावर होती. पगार हाही पोर्तुगीज शब्द, हे जाता जाता.

अशांपैकीच दों मिगेल द नोरोन्या हा पेशव्यांच्या फौजेतला गोवेकर अधिकारी. आपल्या माणसांना उपासनेसाठी जागा हवी, ही त्याची मागणी. दरबारानं ती मान्य केली आणि गावाच्या पूर्व कडेला जागा दिली. ही पेठ नानांनीच वसवलेली, त्यांच्याच नावानं ओळखली जाणारी. तिथे त्या वर्षीच्या नाताळात पहिला मिस्सा झाला.

इथे मला मेणवली आठवते. ज्या नानांच्या घाटावर वसईची मेरी कांस्यात गोठून बसली होती, त्याच नानांच्या कारभारात मेरीच्या नावाच्या चर्चला जमीन मिळाली. वसई जिंकणारे चिमाजी अप्पा हे सवाई माधवरावांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ. दोन घटनांत त्रेपन्न वर्षांचं अंतर. एका पिढीनं घंटा आणली, तिसऱ्या-चौथ्या पिढीनं जागा दिली. यात विसंगती शोधणारे आपण, आजचे. दरबाराच्या लेखी दोन्ही गोष्टी एकाच वहीतल्या होत्या. शत्रूकडून लूट घ्यायची आणि आपल्या चाकरीतल्या माणसाला त्याचा देव द्यायचा. सैनिकाला पगार वेळेवर मिळो न मिळो, त्याच्या मरणाच्या वेळी पाद्री आणि पुरायला जागा हवी, हे फौज सांभाळणाऱ्याला कळत होतं. ही सहिष्णुता पुस्तकातून आलेली नव्हती, फौजेच्या गरजेतून आलेली होती. तिचं मोल त्यामुळे कमी होत नाही. उलट गरजेवर उभ्या असलेल्या गोष्टी भावनेवर उभ्या असलेल्या गोष्टींपेक्षा जास्त टिकतात.

पहिलं बांधकाम साधं, मातीचं होतं. आजची वास्तू १८५२ ची. मातीचं ते पहिलं घर आज दिसत नाही, आणि त्यात अपवादात्मक काही नाही. जगातलं सर्वांत जुनं ठाऊक असलेलं चर्चसुद्धा एक राहतं घरच होतं. सीरियात युफ्रेटिस नदीच्या वरच्या कडेला दुरा-युरोपोस नावाचं रोमन ठाण्याचं गाव होतं. तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्खननात एक घर सापडलं. मधे चौक, भोवती खोल्या. तिसऱ्या शतकाच्या मध्याला कोणीतरी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक लांब दालन केलं होतं, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड बांधून भिंती रंगवल्या होत्या. तेच चर्च. गाव वेढ्यात पडलं तेव्हा तटाला आतून मातीचा भराव घातला गेला आणि त्या भरावाखाली भिंतींवरची चित्रं जपली गेली. पुणेकराला हे घर समजावून सांगावं लागत नाही. तो चौकाचा वाडाच आहे, फक्त नदी वेगळी. दुरातही ठाणं लष्करी, नाना पेठेतही गिऱ्हाईक लष्करी. छावणीच्या कडेला उगवलेलं देऊळ ही जुनीच जात आहे.

सिटी चर्चवर सत्ता गोव्याच्या धर्मपीठाची होती. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून मिळालेल्या जुन्या अधिकाराचा तो धागा. पुढे कॅम्पात आयरिश सैनिकांसाठी १८५० मध्ये सेंट पॅट्रिक्स उभं राहिलं ते मुंबईकडच्या धर्माधिकाऱ्यांच्या हाताखाली. त्यामुळे एकाच शहरातले कॅथलिक बराच काळ दोन दिशांना पाहत होते. १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि सेंट पॅट्रिक्स त्याचं कॅथीड्रल. तरी पहिलेपणाचा मान नाना पेठेकडेच राहिला.

काळा दगड, पांढरा चुना

खडकीची लढाई १८१७ ची. त्यानंतर कॅम्प वसला आणि १८२५ मध्ये सेंट मेरीज झालं. दख्खनमधलं हे पहिलं अँग्लिकन चर्च. आराखडा लेफ्टनंट नॅश या लष्करी इंजिनिअरचा. जुलै १८२५ मध्ये ऐन पावसात बोरघाट चढून कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर आले आणि त्यांनी चर्चचं पवित्रीकरण केलं. जागा ऐसपैस आणि सोयीची आहे, पण वास्तूची अभिरुची बेताची, असं त्यांचं मत पडलं. पुढच्याच वर्षी ते तिरुचिरापल्लीत वारले, नाहीतर पुण्यातल्या पुढच्या चर्चबद्दलही दोन शब्द ऐकवून गेले असते.

बिशपसाहेबांचा शेरा खोटा नाही. पण लष्करी इंजिनिअरसमोरचा खरा प्रश्न अभिरुचीचा नव्हता, दगडाचा होता. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. वजनदार, कठीण, पावसाला दाद न देणारा. भिंतीला याच्यासारखा दगड नाही, नाजूक नक्षीला याच्यासारखा हट्टी दगड नाही. युरोपातल्या गॉथिक चर्चची दगडी जाळी मऊ दगडात जमते. इथे जाड भिंत उभारायची, घाणीत मळलेला चुना वापरायचा, वरून गिलावा द्यायचा, सागवानी कैच्यांवर छप्पर चढवायचं. वाडे बांधणाऱ्या गवंड्यांना यातलं काहीच नवं नव्हतं. नकाशा साहेबाचा, हात इथला. १८६७ मधलं सेंट पॉल्स पॅरिसच्या सेंट शापेलवरून सुचलेलं म्हणतात. पॅरिसमध्ये तिथे भिंतीपेक्षा काच जास्त आहे. पुण्यात त्याचा धडा उतरवताना दगडानं आपला हिस्सा वसूल केला. त्याच वर्षी जवळच डेव्हिड ससून यांचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर पूर्ण झालं. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं. पुणेकरांनी त्याला नाव दिलं लाल देऊळ. आपली भाषा सगळ्यांच्या देवाच्या घराला देऊळ म्हणून मोकळी होते.

पंचहौद

रिक्षावाल्याला 'चर्च ऑफ द होली नेम' म्हटलं तर तो मागे वळून पाहतो. पंचहौद म्हटलं की मीटर पडतो. पाण्याच्या पाच हौदांवरून पडलेलं हे नाव १८८५ च्या चर्चपेक्षा जुनं आणि टिकाऊ निघालं. गुरुवार पेठेच्या, म्हणजे जुन्या वेताळ पेठेच्या गल्ल्यांतून चालताना घरांच्या वर अचानक सुमारे १३० फुटांचा चौकोनी मनोरा दिसतो, इटलीतल्या घंटाघरांसारखा. ऑक्सफर्डजवळच्या काउलीहून आलेले धर्मगुरू आणि वाँटेजच्या भगिनी यांनी हे काम उभं केलं. या वाँटेजलाच १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता. वसईच्या जेझुइटांचं चर्च ज्या 'पवित्र नावा'चं होतं, तेच नाव इथेही. पंथ वेगळा, राष्ट्र वेगळं, नाव तेच.

मनोऱ्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडमधल्या लाफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. चाकावर बसवलेल्या, पूर्ण झुलणाऱ्या. भीमाशंकरच्या घंटेचं जे झुलणं थांबलं होतं, ते या खोऱ्यात इथे पुन्हा सुरू झालं, वाड्यांच्या कौलांवर.

चर्च बॅसिलिका पद्धतीचं. ही पद्धत मुळात रोमन लोकांच्या सार्वजनिक सभागृहाची. मधे लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांपलीकडे अरुंद वाटा, टोकाला अर्धवर्तुळ. चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला तेव्हा चर्चनं हा आकार घेतला. आता इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ल्याला चला. चैत्यगृहात उभे राहा. मधे लांब दालन, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, मागे स्तूपाभोवती अर्धवर्तुळात सात. एकूण लांबी १२४ फूट. ऐसपैस बॅसिलिका चर्च बांधली जाऊ लागली, त्याच्या दोनेकशे वर्षं आधीच हे कोरून झालेलं. काही खांबांवर देणगीदार म्हणून धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसनलाही कार्ल्यात शिरल्यावर प्राचीन चर्चची आठवण झाली होती. कोणी कोणाची नक्कल केली, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. पुष्कळ माणसांनी एका दिशेला तोंड करून उभं राहायचं आणि पवित्र वस्तूभोवती फिरायला जागा ठेवायची, या गरजेनं दोन्हीकडे एकच आकार घडवला. पंचहौदच्या दालनात जाणारा पुणेकर परक्या आकारात जात नव्हता. आकार खोऱ्यात आधीपासून होता.

तरी परकेपणाचा प्रश्न इथेच पेटला, आणि तोही वास्तूवरून नव्हे, चहावरून. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमध्ये झालेल्या सभेला शहरातली बडी मंडळी गेली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. हा बेत रचणारे गोपाळराव जोशी, डॉक्टर आनंदीबाईंचे पती. त्यांनीच मग हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. सनातन्यांनी ग्रामण्य केलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी मंडळ नेमलं गेलं, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं म्हणून सुधारकच त्यांच्यावर रुसले. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराच्या दरबारानं चर्चला जमीन देताना फारसे आढेवेढे घेतले नव्हते, त्याच शहरात चर्चच्या आवारातला एक कप चहा दोन वर्षं पुरला. जमीन देणं राज्याचं काम होतं, चहा पिणं जातीचं. मधल्या काळात राज्य गेलं होतं आणि जात तेवढी हातात उरली होती.

जोतं आणि जागा

परतताना शनिवारवाड्यावरून येतो. नाना पेठेतल्या चर्चच्या जागेची सनद ज्या दरबाराच्या वतीनं निघाली, तो दरबार इथे भरायचा. २७ फेब्रुवारी १८२८ ला वाडा पेटला. आज तट आहे, दिल्ली दरवाजा आहे, आत कारंज्यांच्या खुणा आणि जोती. लोक तिकीट काढून जोती पाहतात. तिथून पायी पाऊण तासाच्या आत सिटी चर्च येतं. तिथे जमिनीवरचं पहिलं मातीचं घर गेलं, दुसरं दगडाचं झालं, भोवतीची पेठ बदलली, फौज गेली, तिला पगार देणारं राज्य गेलं. पण जागा ज्या कामाला दिली होती त्याच कामाला अजून आहे. रविवारी सकाळी चपला-बुटांची रांग, मराठी, कोकणी, इंग्रजी आणि तमिळ कुजबुज. सवाई माधवरावांनी दिलेल्या कितीशा गोष्टी आज दिलेल्या हेतूनं चालू आहेत?

आणि भीमाशंकरला, येत्या श्रावणी सोमवारी, रांगेतला कोणीतरी पुन्हा हात उंचावेल आणि टोल देईल. 'मी आलो' एवढंच त्याला सांगायचं असेल.